जूनअखेर स्वित्झर्लंड-ऑस्ट्रिया: तिथले उंच घाट स्वतः चालवावेत का?

यवतेश्वर_पायथा (प्रश्न)

नमस्कार. आम्ही साताऱ्याचे, शाहूपुरीत राहतो. जूनच्या शेवटच्या आठवड्यात मी, नवरा, आठ वर्षांचा मुलगा आणि माझी आई असे चौघं झुरिकला उतरतोय. नऊ दिवस हातात आहेत. गाडी भाड्याने घेऊन फुर्का, ग्रिम्सेल आणि सुस्टेन हे तीन घाट एका दिवसात करायचे, मग ऑस्ट्रियात ग्रोसग्लॉकनर, आणि परतताना इटलीतला स्टेल्व्हिओ असा बेत आहे.

गाडी मी चालवणार. नवऱ्याला घाट आवडत नाही. मी बारा वर्षं चालवतेय आणि नोकरीमुळे कासच्या बाजूला रोज जाणं-येणं आहे, म्हणजे यवतेश्वर घाट दिवसातून दोनदा. पावसाळ्यात चालवला आहे, धुक्यात चालवला आहे. पण आयुष्यात कधी उजव्या बाजूने गाडी चालवलेली नाही, आणि महाबळेश्वरच्या वर गाडी नेलेली नाही. फुर्का २,४२९ मीटर आहे म्हणे, आपल्या महाबळेश्वरपेक्षा हजारभर मीटर वर.

आईला गाडी लागते, हीसुद्धा एक काळजी आहे. पण तिचीच फार इच्छा आहे. बर्फ जवळून बघायचा आहे तिला. घरातले दोघं-तिघं म्हणतात, वेडेपणा करू नकोस, टूर कंपनीबरोबर जा. ज्यांनी स्वतः चालवलंय त्यांनी खरं काय ते सांगा.

मिरजेचा_तानपुरा

ताई, मी मिरजेचा. त्या भागात दोनदा फिरलो, दोन्ही वेळा रेल्वे आणि बसने. माझं प्रामाणिक मत सांगतो: जो चालवतो त्याला डोंगर दिसत नाही, रस्ता दिसतो. मुलगा आणि आई बर्फ बघतील आणि तुम्ही सगळा वेळ समोरच्या वळणाकडे बघत बसाल. उन्हाळ्यात पिवळ्या पोस्ट बसेस (तिथल्या टपाल खात्याच्या प्रवासी बसेस) या घाटांवरून जातात, जागा आधी राखून ठेवता येते. एक दिवस तरी बसने जाऊन बघा.

लालपरी_३१

ताई, नमस्कार. मुलाने तुमचा प्रश्न वाचून दाखवला. मी सांगतोय आणि तो टाइप करतोय.

मी एसटीत ३१ वर्षं चालक होतो, सातारा डेपोला. कुंभार्ली, आंबेनळी, केळघर, पसरणी हे सगळे घाट ड्यूटीवर केले. बामणोलीला मुक्कामी गाडी नेली. श्रावणातल्या धुक्यात वाहकाला बॅटरी घेऊन पुढे चालायला लावून त्याच्यामागून गाडी काढली आहे. निवृत्त झाल्यावर, दोन वर्षांपूर्वी, मुलगी-जावयांकडे झुरिकजवळ दोन महिने होतो. तुम्ही म्हणता ते तीनही घाट केले. आधी बसने, मग जावयांबरोबर भाड्याच्या गाडीने, आलटून पालटून चालवत. ग्रोसग्लॉकनर आणि स्टेल्व्हिओ मी पाहिलेले नाहीत, त्याबद्दल दुसऱ्या कुणी सांगावं.

तुम्ही चालवू शकाल. रोज यवतेश्वर करणाऱ्या माणसाला तिथला चढ जड जाणार नाही. रस्ता गुळगुळीत, खड्डा नाही, पट्टे स्वच्छ, प्रत्येक वळणाआधी पाटी. पण ताई, चढाची काळजी करूच नका. चढावर चूक झाली तर इंजिन बंद पडतं, गाडी थांबते, मागचा थांबतो. उतारावर चूक झाली की गाडी थांबत नाही. तुम्ही जे विचारलंय त्यात उताराचा शब्दही नाही, म्हणून एवढं लांबवतोय.

ग्रिम्सेलचा माथा २,१६४ मीटर, आणि खाली इनर्टकिर्शेन गाव सव्वासहाशे मीटरवर. म्हणजे २५-२६ किलोमीटरात दीड हजार मीटर खाली. आपण महाबळेश्वरहून आंबेनळीने पोलादपूरला उतरतो तो उतार जवळजवळ ४० किलोमीटरांत आहे आणि तरी एवढा खोल नाही. आता जावयांची गोष्ट. माणूस सावध, पण शहरात चालवणारा. गाडी ऑटोमॅटिक, गिअर ‘डी’ला, आणि पाय सतत ब्रेकवर. जोरात नाही, नुसता ठेवलेला. त्यांना वाटत होतं, आपण हळू जातोय म्हणजे जपून जातोय. धरणं मागे टाकून हांडेकपाशी आलो आणि मला वास आला. ३१ वर्षांत तो वास नाकात बसलेला आहे, लायनर तापल्याचा. कडवट, घशाला लागणारा. मी म्हटलं, पुढची रुंद जागा दिसेल तिथे घ्या बाजूला.

उतरून पुढच्या चाकाजवळ हात नेला तर वीतभर अंतरावर धग लागत होती. जावई पाण्याची बाटली घेऊन आले, मी अडवलं. तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतलं तर ती वाकडी होते किंवा तडकते. गाडी ‘पी’ला टाकली, चाकाला उताराच्या बाजूने दगड लावला आणि चाळीस मिनिटं बसून राहिलो. नातवंडांनी तेवढ्यात ओढ्यात हात घालून घेतले.

हे का होतं ते समजून घ्या. ब्रेक म्हणजे गाडीचा वेग घासून त्याची उष्णता करायची. सतत घासत राहिलात तर ती उष्णता जायला वेळच मिळत नाही. पॅड तापले की धरत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल उकळतं. ऑइल दाबलं जात नाही, म्हणून तर ब्रेक लागतो. वाफ मात्र दाबली जाते. मग पेडल मारलं की ते सरळ जमिनीला टेकतं आणि गाडी तशीच पुढे जाते. उपाय जुनाच आहे, भोसरीच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलेला: ज्या गिअरात गाडी तो घाट चढेल, त्याच गिअरात उतरायची. दुसरा टाकला की इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. ब्रेक वळणाच्या आधी, ठामपणे, थोडा वेळ, आणि मग पाय पूर्ण काढून घ्यायचा. ऑटोमॅटिक असेल तर ‘एम’वर घेऊन गिअर स्वतः धरून ठेवा. काही गाड्यांना ‘एल’ किंवा ‘बी’ असतं. गाडी ताब्यात घेताना पार्किंगमध्येच विचारा की यात इंजिनचा ब्रेक कसा लावायचा, आणि तिथेच करून बघा. न्यूट्रल करून सोडायची नाही हे तुम्हाला सांगायला नको.

तिथल्या पोस्ट बसबद्दल वर एकांनी लिहिलंय, ते अगदी बरोबर. मीही पहिल्यांदा बसनेच गेलो आणि चालकाच्या मागची नव्हे, शेजारच्या रांगेतली पुढची जागा घेतली, म्हणजे हात दिसतील. चालक बाई होत्या. ताई, काय चालवत होत्या! प्रत्येक वळणाच्या आधी गाडी हळू झालेली असायची. वळणात काहीच करायचं शिल्लक नसायचं, नुसतं स्टेअरिंग. हाताखाली रिटार्डरची, म्हणजे पायाचा ब्रेक न लावता गाडीचा वेग रोखणाऱ्या यंत्राची दांडी. तीच दोन बोटांनी खाली-वर करत होत्या. हांडेक ते गुटानेन या टप्प्यात मी मोजलं, पायाचा ब्रेक फक्त अकरा वेळा लागला. आंधळ्या वळणाआधी तीन सुरांचा भोंगा. बाकी कुणी आपल्यासारखं हॉर्न वाजवत नाही. तो भोंगा ऐकू आला की समजायचं, समोरून बस येतेय. लगेच रुंद जागा बघायची.

याचा एक नियम नीट लक्षात ठेवा, कारण मी तिथे अडखळलो होतो. आपल्याकडे आणि तिकडेही सर्वसाधारण नियम एकच: अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट. पण निळ्या पाटीवर पिवळं शिंग काढलेलं दिसलं की तो पोस्टाचा डोंगरी रस्ता. तिथे बसला मान, आणि बसचा चालक हाताने खुणावेल तसं वागायचं. फुर्काची आंडरमाटकडची बाजू, रेआल्प गावाच्या वरची, अरुंद आहे. काही ठिकाणी कठडा नाही, नुसते दगडी खुंट. मी चढत होतो, बस समोरून उतरत आली. मी चढाची गाडी म्हणून जागीच उभा. चालकाने काचेतून तळहात मागे-मागे केला. तेव्हा कुठे ध्यानात आलं. वीसेक मीटर मागे घेतली, डोंगराच्या अंगाला चिकटवली, आणि ती बस माझ्या आरशापासून हातभर अंतराने गेली. जाताना त्याने हात वर केला, मीही केला. आपल्या कुंभार्लीत दोन एसट्या भेटल्यावर करतात तसाच.

उजव्या बाजूचं म्हणाल तर सरळ रस्त्यावर तासाभरात सवय होते. फसवतं ते वळण. आपल्याकडे डावं वळण आतलं, म्हणजे लहान आणि खडं, आणि उजवं बाहेरचं, मोठं. अंगाला तीच सवय. तिथे बरोबर उलटं. चढावरचं उजवं यू-टर्नसारखं वळण एकदम आखूड आणि उभं येतं. दुसऱ्या गिअरात गेलात तर गाडी मधेच धापा टाकते, पहिला आधीच पाहिजे. आणि डाव्या वळणावर, रस्ता मोकळा दिसला की आपलं मन नकळत डावीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या बाजूला सरकतं. शनिवार-रविवारी मोटारसायकलवाले त्याच वळणातून वाकून येत असतात. मी माझ्यासाठी एक खूण केली होती: मधली पट्टी माझ्या डाव्या खांद्याखाली राहिली पाहिजे. प्रत्येक वळणाला मनात ‘खांदा’ म्हणायचो.

इंडिकेटरच्या जागी वायपर लागतील. पहिला दिवस लागू देत, त्याने काही बिघडत नाही.

फुर्का उतरताना ग्लेचच्या अलीकडे एका वळणात बंद पडलेलं जुनं हॉटेल आहे, बेल्व्हेदेर नावाचं. तिथे नक्की थांबा, आईंना बर्फ तिथेच दाखवा. रोन नदीची हिमनदी शेजारी आहे आणि बर्फात कोरलेली गुहा आहे. वितळू नये म्हणून उन्हाळ्यात त्या बर्फावर पांढरी कापडं पांघरतात. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी ती हिमनदी खाली ग्लेचच्या सपाटीजवळ येत होती, आता वर कड्यावर सरकली आहे. ती कापडं पाहून मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. आजारी माणसाला पांघरूण घालावं तशी दिसतात.

तिथून समोर ग्रिम्सेलचा चढ दिसतो, आणि त्याच्या माथ्यावर एक गोष्ट मुलाला जरूर सांगा. आपल्या महाबळेश्वरला कृष्णा एका बाजूला जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते आणि सावित्री दुसऱ्या बाजूला अरबी समुद्राला. ग्रिम्सेललाही तसंच आहे. अलीकडचं पाणी रोनमधून भूमध्य समुद्रात जातं. पलीकडचं आरे नदीतून ऱ्हाईनला आणि मग उत्तर समुद्राला. पुढे एकाखाली एक धरणं लागतात, वीज तयार करतात. कोयनेच्या माणसाला तिथे परकं वाटत नाही.

शेवटचं, तीन घाट एका दिवसात करू नका. फेरी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, कागदावर चार तासांची वाटते. पण तीन चढ आणि तीन उतार आहेत, आणि थकलेला पाय नकळत ब्रेकवर जाऊन बसतो. निघण्याआधी पायथ्याच्या गावात पाटी बघा, घाटाचं नाव आणि पुढे उघडा की बंद ते लिहिलेलं असतं. जूनअखेर बहुधा उघडे असतात, पण एखाद्या रात्री बर्फ पडला की बंद करतात. आंडरमाटला तेल भरून घ्या, माथ्यावर पंप नाही.

कृष्णाकाठ_म्युनिक

काकांनी लिहिलेलं वाचून माझ्या बाबांची आठवण आली, ते पण असेच ब्रेकवरून ओरडायचे! मी मूळची सांगलीची, विश्रामबागची. सांगलीत घाट नाही, त्यामुळे मी घाट शिकले तेच मुळी आल्प्समध्ये, आणि पहिल्या वर्षी काय काय केलं ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

कागदपत्रं: आंतरराष्ट्रीय परवाना साताऱ्याच्या आरटीओतून काढून घ्या, एक हजार रुपये फी, एक वर्ष चालतो. मूळ लायसन्स सोबत हवंच. तुम्ही तीन देशांत जाणार, तर गाडी घेताना सीमा ओलांडणार हे लेखी सांगा, नाहीतर विमा लागू होत नाही. स्वित्झर्लंडच्या मोटरवेसाठी ४० फ्रँकचा वर्षाचा पास लागतो, ऑस्ट्रियाचा वेगळा. घाटांना तो लागत नाही, पण ग्रोसग्लॉकनरला स्वतंत्र टोल आहे, गाडीमागे चाळीस युरोंच्या पुढे. मुलगा आठ वर्षांचा म्हणजे त्याला मुलांची सीट कायद्याने हवी. दिवसाही दिवे चालू ठेवायचे. आणि बुकिंगवर ऑटोमॅटिक असं स्पष्ट लिहून घ्या. मी ऑटोमॅटिक बुक केली होती आणि काउंटरवर मॅन्युअल पुढे केली, दुसरी नाही म्हणाले. रात्री अकरा वाजता, उजव्या हाताने गिअर टाकत, अनोळखी शहरातून निघाले. रडू यायचं बाकी होतं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये.

ग्रोसग्लॉकनर: ४८ किलोमीटर, ३६ मोठी वळणं, प्रत्येकाला नंबर आणि उंचीची पाटी. हा रस्ता १९३५ साली खुला झाला. माथा २,५०४ मीटर. रस्ता रुंद आहे, फुर्कापेक्षा सोपा वाटेल. रात्री बंद असतो. तुमच्या मुलाला कैसर-फ्रान्झ-योसेफ्स-होए या ठिकाणी मारमॉट दिसतील, मांजराएवढे, खारीच्या कुळातले, दगडांवर उभे राहून शिट्टी मारतात. मात्र एडेलवाइसश्पित्झला जाणारा फाटा दगडी फरशीचा आणि खडा आहे. पाऊस असेल तर तिकडे वळू नका.

स्टेल्व्हिओ मात्र या वेळी सोडा, असं मी मनापासून सांगते. २,७५७ मीटर, प्राटो गावाच्या बाजूला ४८ वळणं. रस्ता १८२० ते १८२५ मध्ये घोडागाड्यांसाठी बांधलेला, वळणं त्याच मापाची. सुट्टीच्या दिवशी सायकली, मोटारसायकली, कॅम्परव्हॅन सगळे एकाच वळणात. आई सोबत असताना नको.

गाडी लागण्याबद्दल: आईंना पुढे बसवा, नवऱ्याला मागे. निघताना कोरडं काहीतरी पोटात असू द्या, चहा-दूध टाळा. काच थोडी उघडी. आणि काका म्हणतात तसं ब्रेक वळणाआधी संपवलात तर आईंना निम्मा त्रास कमी होईल. माझ्या आईला माझ्या गाडीत लागायची आणि बसमध्ये लागायची नाही, तेव्हा मला कळलं की दोष घाटाचा नव्हता.

यवतेश्वर_पायथा

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. आईला लालपरी काकांचं उत्तर वाचून दाखवलं. कृष्णा-सावित्रीचं ऐकून तिने दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

बेत बदलला. स्टेल्व्हिओ रद्द. पहिला दिवस आंडरमाटहून पोस्ट बसने फुर्का, मी पुढच्या जागेवर बसून चालकाचे हात बघणार. दुसऱ्या दिवशी स्वतः फुर्का आणि ग्रिम्सेल, इनर्टकिर्शेनला मुक्काम, तिसऱ्या दिवशी सुस्टेन. ग्रोसग्लॉकनर शेवटी.

काका, एक कबुली द्यायची आहे. काल संध्याकाळी यवतेश्वर उतरताना मुद्दाम लक्ष दिलं. माझा पाय पूर्ण वेळ ब्रेकवर होता. बारा वर्षं असाच उतरतेय, आणि मला ते माहीतही नव्हतं. आता तीन आठवड्यांत ही सवय मोडेल का?

लालपरी_३१

मोडेल. सवय कळली म्हणजे निम्मं काम झालं, आम्ही नव्या पोरांना हेच आधी कळायला महिना घालवायचो.

असं करा. सकाळी सहाच्या सुमारास, रहदारी नसताना, यवतेश्वरच्या माथ्यावरून दुसऱ्या गिअरात निघा. डावा पाय क्लचवरून काढून बाजूला, आणि उजवा पाय ब्रेकसमोर हवेत धरा, टेकवू नका. गाडी पुढे पळू लागली असं वाटलं तरच वळणाच्या तीस-चाळीस पावलं आधी एकदा ठाम दाबा आणि सोडा. प्रत्येक दाब मोठ्याने मोजा. पहिल्या दिवशी आकडा मोठा येईल. खाली समर्थ मंदिराजवळ आल्यावर गाडी लावा, उतरा आणि चाकाजवळ हात नेऊन बघा, शिवू नका. किती धग आहे ते रोज वहीत लिहा. आकडा कमी होईल तशी धगही कमी झालेली तुम्हाला हाताला कळेल.

रविवारी मी मोकळा आहे. मंगळवार तळ्याजवळ राहतो, तुमच्यापासून लांब नाही. साडेपाचला पोवई नाक्यावर भेटलात तर शेजारी बसून एक फेरी बघतो. येताना आईंनाही घेऊन या, त्या पुढे बसतील आणि मी मागे. त्यांना लागतं की नाही, ते त्याच फेरीत कळेल.